संत्र्याच्या कॅलसमधून हेस्पेरिडिन आणि लिमोनिन मिळेल का? डेझर्टेशनसाठी सल्ला हवाय

पेट्रीप्लेट_अमरावती:

नमस्कार मंडळी. मी अमरावतीला एमएससी बायोटेक करतेय, शेवटचं वर्ष. डेझर्टेशनला विषय घेतलाय नागपुरी संत्र्याचं कॅलस कल्चर करायचं (म्हणजे झाडाच्या तुकड्यातून बाटलीत पेशींचा गोळा वाढवायचा) आणि त्यातून हेस्पेरिडिन (सालीतलं फ्लेव्होनॉइड) आणि लिमोनिन (बीतलं कडू द्रव्य) मिळवायचं. विषय मी स्वतःच मागून घेतला. मामाची मोर्शीला बाग आहे आणि कळायला लागल्यापासून घरात तेच ऐकतेय, डिंक्याने (खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाने) झाडं गेली, फळगळ झाली, भाव पडला, तर मनात असं होतं की लॅबमधे संत्र्याच्या पेशी वाढवून त्यातलं औषधी द्रव्य काढता आलं तर या पिकाला दुसरी एक वाट मिळेल.

आता कुठवर आलंय ते सांगते. बागेतली कोवळी पानं आणि शेंडे आणले, आधी ७० टक्के अल्कोहोल, मग ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइड, मग स्टराइल पाण्याने धुतले. मीडियम एमएस (पेशी वाढवायचं नेहमीचं खाद्य), त्यात हार्मोन म्हणून २,४-डी २ मिलिग्रॅम प्रति लिटर, बीएपी अर्धा मिलिग्रॅम, साखर ३ टक्के, पीएच ५.८. बऱ्याच बाटल्या बुरशीने गेल्या. ज्या वाचल्या त्यात पांढरा भुसभुशीत कॅलस येतो पण कापलेल्या कडेपासून तपकिरी पडत जातो आणि खालचं अगारसुद्धा तपकिरी होतं. ब्राउनिंगसाठी मीडियममधे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड घालतेय, थोडा फरक पडलाय.

वाचलेल्या कॅलसचा मेथनॉलमधे एक्स्ट्रॅक्ट काढून अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडने टोटल फ्लेव्होनॉइड केलं, स्टँडर्ड क्वेर्सेटिन, आणि फोलिनने टोटल फिनॉल. फ्लेव्होनॉइड जवळजवळ नाहीच म्हणावं इतकं कमी आलं आणि फिनॉल मात्र भरपूर. गाइड म्हणतात एलिसिटर (पेशीला डिवचून द्रव्य बनवायला लावणारं रसायन) टाक, मिथाइल जास्मोनेट नाहीतर सॅलिसिलिक अ‍ॅसिड, आकडा वर जाईल. मला प्रश्न असा पडलाय की मुळात जे मोजतेय ते बरोबर आहे का, आणि पांढऱ्या कॅलसमधे हे द्रव्य तयार होतं तरी का. कॉलेजात एचपीएलसी (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजायचं यंत्र) नाही, बाहेर सॅम्पलमागे पैसे द्यावे लागतील, त्यामुळे आधी नीट विचारून मगच पुढे जायचंय. आणि दुसरं म्हणजे हे पुढे कधी कमर्शियल होऊ शकतं का? थीसिसच्या शेवटी सगळेच लिहितात की याला औद्योगिक स्तरावर मोठा वाव आहे, मला ते खरं असेल तरच लिहायचंय. ज्यांनी प्रत्यक्ष हातांनी काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

सस्पेन्शन_पुणे:

वयाने मोठा आहे म्हणून एकेरीच लिहितो. प्रश्न चांगला विचारलायस आणि गाइडचं ऐकून लगेच एलिसिटर टाकला नाहीस हे फार बरं केलंस.

आधी सोप्या गोष्टी. बागेतलं पान आणू नकोस. त्याच्या आतच बुरशी आणि बॅक्टेरिया वस्तीला असतात, वरून कितीही धुतलं तरी आतले जात नाहीत, आणि पावसाळ्यात तर विचारूच नको. मर्क्युरिक क्लोराइडही सोडून दे, विष आहे आणि त्याचं धुवण सिंकमधे ओतायची सोय नसते. त्यापेक्षा पिकलेलं संत्रं घे, बी काढ, वरची साल सोल, सोडियम हायपोक्लोराइटमधे थोडा वेळ ठेव, धू आणि अर्ध्या ताकदीच्या एमएसवर उगवायला लाव. बी ताजंच हवं, संत्र्याचं बी वाळत गेलं की उगवण झपाट्याने घटते. आलेलं रोप मुळापासून शेंड्यापर्यंत स्वच्छ असतं, त्याचं एपिकोटाइल, म्हणजे बीजपत्रांच्या वरचं कोवळं खोड, कापून घे. आणखी एक फायदा म्हणजे नागपुरी संत्र्याच्या एका बीतून दोन तीन रोपं निघतात, त्यातली बहुतेक न्यूसेलर असतात, म्हणजे आईच्याच पेशीतून आलेली हुबेहूब तीच, त्यामुळे बाटलीबाटलीत जो फरक दिसतो तो निदान जातीचा फरक नसतो. पपनसात हे होत नाही, तिथे एका बीतून एकच रोप आणि तेही संकरातून आलेलं.

मीडियम एमएस चालेल पण लिंबूवर्गीयांसाठी मुराशिगे आणि टकर यांचं १९६९ चं एमटी मीडियम आहे, एमएस मधलेच ते मुराशिगे. एमएस १९६२ चं आणि तंबाखूवर बसवलेलं, एमटी लिंबाच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागावर काम करताना तयार झालं. साखर ५ टक्के, व्हिटॅमिन जास्त, आणि वरून लिटरला ५०० मिलिग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्ट घालायची पद्धत आहे. ब्राउनिंगसाठी सुरुवातीचे दिवस अंधारात ठेव, सबकल्चर (ताज्या मीडियमवर हलवणं) लवकर कर, तपकिरी भाग निर्दयपणे कापून टाक.

आता मुख्य मुद्दा. पांढऱ्या भुसभुशीत कॅलसमधे द्रव्य का नाही? कारण तू त्याला फक्त वाढायला सांगतेयस. २,४-डी भरपूर असलं की पेशी विभागत राहते आणि सेकंडरी मेटाबोलाइट बनवायचं काम बहुतेक वेळा मागे पडतं. शिवाय प्रत्येक द्रव्याची झाडात एक ठरलेली जागा असते. सालीतलं तेल तेलग्रंथीत असतं, कॅलसला ग्रंथीच नाहीत तर लिमोनीन कुठून येणार (लिमोनीन तेलातलं वेगळं आणि तुझं लिमोनिन वेगळं, लिहिताना गल्लत करू नकोस). लिमोनॉइडचं (लिमोनिन ज्या गटातलं आहे त्याचं) तर आणखीच वेगळं आहे, अमेरिकेत हासेगावा वगैरे मंडळींनी रेडिओअ‍ॅक्टिव्ह अ‍ॅसिटेट देऊन पाहिलं होतं, त्यात रोपाच्या खोडातल्या फ्लोएमच्या (अन्न वाहून नेणाऱ्या ऊतीच्या) भागात आधी नोमिलिन तयार होतं आणि तिथून ते पान, फळ, बी इकडे जातं आणि तिथे त्याचं लिमोनिन वगैरे होतं असं दिसलं. म्हणजे ज्या ऊतीत फ्लोएमच तयार झालेलं नाही तिच्याकडून लिमोनिनची अपेक्षा ठेवताना दहादा विचार करायचा. हेस्पेरिडिन त्या मानाने सोपं, ते फेनिलअ‍ॅलनिनपासून चालणाऱ्या नेहमीच्या वाटेवरचं आहे आणि त्या वाटेवरचं चॅल्कोन सिंथेज हे एन्झाइम उजेडाला प्रतिसाद देतं, त्यामुळे अंधारातला पांढरा कॅलस आणि उजेडातला हिरवट कॅलस यात फरक दिसू शकतो.

पण लिमोनॉइड कल्चरमधे अशक्यच आहे असंही म्हणू नको. आपल्या पुण्याच्या एनसीएलमधे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) कडुनिंबाच्या पेशींचं सस्पेन्शन (द्रवात तरंगत्या पेशी) करून त्याला कार्बन-१३ चा ग्लुकोज दिला आणि लिमोनॉइड मेव्हॅलोनेटच्या वाटेने बनतात हे दाखवलं, २०१८ चा पेपर आहे. निंब आणि संत्रं एकाच गणातली आणि लिमोनॉइड दोघांकडे. म्हणजे योग्य ऊतीपासून काढलेली योग्य लाइन मिळाली तर पेशी करतात, फक्त कुठल्याही पानाचा कुठलाही कॅलस करेल असं नाही.

आणि ही एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिही. पहिल्या पिढीच्या कॅलसमधे जे सापडतं ते पेशींनी बनवलेलं असेलच असं नाही, मूळ तुकड्यातून आलेलं असू शकतं. हेस्पेरिडिन पानात आधीच भरपूर असतं. तीन चार सबकल्चरनंतरही सापडतंय का, आणि कॅलसचं वजन वाढतं तसं एकूण प्रमाणही वाढतंय का, हे दाखवलंस तरच कल्चरमधे तयार झालं म्हणता येईल. पेपर छापून आलेल्या लोकांनीही हे तपासलेलं नसतं.

बेसलाइन_ठाणे:

मी अ‍ॅनालिटिकलवाली, वनस्पतींचे एक्स्ट्रॅक्ट रोज एचपीएलसीवर चालवते, त्यामुळे फक्त मोजण्याबद्दल बोलते.

तुझं फ्लेव्होनॉइड कमी आलं नाहीये, ते मोजलंच गेलं नाहीये. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडची टेस्ट फ्लेव्होन आणि फ्लेव्होनॉलसाठी आहे, म्हणजे क्वेर्सेटिन, ल्युटिओलिन असले. हेस्पेरिडिन आणि नारिंजिन हे फ्लेव्हॅनोन, त्यांच्यात सी रिंगचा तो दुहेरी बंध नसतो आणि या टेस्टला ती जवळजवळ रंगच देत नाहीत. लिंबूवर्गीय फळांवर क्वेर्सेटिन इक्विव्हॅलंट देणारे ढीगभर पेपर आहेत आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं, कारण त्या फळाचं मुख्य फ्लेव्होनॉइडच त्या आकड्यात नसतं. तुझ्या कॉलेजात स्पेक्ट्रोफोटोमीटर आहेच तर डेव्हिसची जुनी पद्धत कर, डायइथिलीन ग्लायकॉल आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं, फ्लेव्हॅनोन असेल तर पिवळा रंग येतो, ४२० नॅनोमीटरला वाचायचं, स्टँडर्ड हेस्पेरिडिनचंच. नाहीतर २,४-डायनायट्रोफेनिलहायड्राझिनची पद्धत आहे. दोन्हीतून ढोबळच आकडा येतो पण निदान योग्य गटाचा येतो.

फिनॉल भरपूर का आलं? मीडियममधे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड घालतेयस ना. फोलिन रिएजंटला फिनॉल ओळखता येत नाही, जे काही रिड्यूस करेल ते सगळं त्यात धरलं जातं, व्हिटॅमिन सी तर आधी. त्यात तपकिरी पडलेला कॅलस. नुसत्या मीडियमचा ब्लँक चालवून बघ, किती येतं ते तिथेच कळेल.

हेस्पेरिडिनचा आणखी एक त्रास म्हणजे ते विरघळत नाही. पाण्यात जवळपास नाही, मेथनॉलमधे थोडंसंच, आणि एक्स्ट्रॅक्ट फ्रीजमधे ठेवला की तळाला बसतं, लोक वरचं नितळ घेऊन इंजेक्ट करतात आणि म्हणतात काहीच नाही. डीएमएसओ आणि मेथनॉल निम्मं निम्मं घे, स्टँडर्डही त्यातच कर. कॅलस फ्रीज ड्राय कर आणि सगळे आकडे कोरड्या वजनावर दे, कॅलसमधे नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि ते बाटलीप्रमाणे बदलतं, ओल्या वजनावरच्या तुलनेला काही अर्थ उरत नाही. वापरून झालेलं मीडियमही तपास, कधीकधी द्रव्य पेशीबाहेर सोडलेलं असतं.

एचपीएलसीला पैसे मोजशील तेव्हा सी-१८ कॉलम, पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइलचा ग्रेडियंट, किंचित फॉर्मिक अ‍ॅसिड, फ्लेव्हॅनोन २८३ नॅनोमीटरच्या आसपास. लिमोनिन २१० ला वाचावं लागतं, तिथे सगळंच दिसतं, त्यामुळे कच्च्या एक्स्ट्रॅक्टमधे नुसत्या रिटेन्शन टाइमवर लिमोनिन आहे असं लिहू नकोस, मास स्पेक्ट्रोमीटरने खात्री करायला हवी. बजेट कमी असेल तर माझं मत, लिमोनिन या डेझर्टेशनमधून काढूनच टाक.

वरुडचा_कास्तकार:

राम राम. मी वरुड तालुक्यातला, घरची संत्र्याची बाग हाये. तुमच्या चर्चेतलं रसायनाचं सारंच मले समजलं असं नाही पण एक गोष्ट विचारतो. आंबिया बहाराची फळं आमच्याकडे पावसाळा लागला की गळते, कधी लिंबाएवढी असतात कधी त्याच्याहून मोठी, गाड्या भरून निघते. ती उचलून बांधावर टाकली का त्याच्यातच बुरशी अन माशी वाढते, म्हणून खड्ड्यात गाडा म्हणतात, त्याची मजुरी वेगळी. वरून बाग तोडायचा सौदा झालेला असन तर व्यापारी म्हणते माल कमी झाला, पैसे कमी. या ताई जे हेस्पेरिडिन म्हणून राहिल्या ते जर सालीतच हाये तर त्या गळलेल्या फळात नसन काय? अन असन तर त्याले कोणी घेते काय?

अजून एक. केळीची टिश्यू कल्चरची रोपं मिळते तशी संत्र्याची काहून मिळत नाही? डिंक्यापायी लय झाडं गेली आमची.

अर्क_तारापूर:

कास्तकार दादा, तुम्ही जो प्रश्न विचारलाय तोच या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. मी वनस्पती अर्क काढणाऱ्या कारखान्यात प्रॉडक्शनला आहे, म्हणून धंद्याच्या बाजूने लिहितो.

बाजारातलं हेस्पेरिडिन येतं कुठून? वाळवलेल्या कोवळ्या हिरव्या संत्र्यातून आणि रस काढून उरलेल्या सालीतून. फळ लहान असताना, पेशी विभागत असतात तेव्हाच झाड बहुतेक हेस्पेरिडिन बनवून घेतं, नंतर फळ फुगतं आणि तेच प्रमाण पातळ होत जातं. म्हणून पिकलेल्या फळापेक्षा कोवळ्या फळाच्या कोरड्या वजनात ते कितीतरी जास्त. काढायची रीतही साधी आहे, चुन्याच्या निवळीत किंवा कॉस्टिकमधे साल भिजवायची, अल्कलीत ते विरघळतं, चुन्याने पेक्टिन बसतं म्हणून गाळायला सोपं जातं, मग गाळलेल्या पाण्यात अ‍ॅसिड टाकून पीएच खाली आणला की हेस्पेरिडिन खाली बसतं. मग शुद्धीकरण. यातलं बरंच हेस्पेरिडिन पुढे डायोस्मिन बनवायला जातं, पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी आणि मूळव्याधीसाठी ज्या गोळ्या देतात, डॅफ्लॉन ५०० मधे ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन आणि बाकी ५० हेस्पेरिडिन म्हणून मोजलेले फ्लेव्होनॉइड असतात.

आता अमरावतीच्या ताईंसाठी हिशोब. धरून चला की सस्पेन्शन कल्चर छान बसलं, लिटरला १० ग्रॅम कोरडी पेशी मिळाली आणि तिच्यात १ टक्का हेस्पेरिडिन आहे, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम. एक किलो हवं असेल तर १०,००० लिटर. त्या १०,००० लिटरला साखर, मीठं, हार्मोन, निर्जंतुक करायची वाफ, ढवळणं, हवा, दोन अडीच आठवडे एकही जंतू आत न जाऊ देणं, आणि एक बॅच बिघडली की सगळं गटारात. तिकडे वाळलेल्या सालीत ३ टक्के धरले तरी ३५ किलोच्या आत साल लागते आणि ती साल कोणीतरी फेकूनच देणार होतं. हेस्पेरिडिनसाठी बायोरिअ‍ॅक्टर हा विषय धंद्यात उभाच राहू शकत नाही. थीसिसमधे मोठा वाव वगैरे लिहू नका ही माझी विनंती, त्यापेक्षा हा हिशोब लिहा.

कल्चर कुठे चाललं ते बघा. जपानात मित्सुई पेट्रोकेमिकलने १९८३ च्या सुमारास शिकोनिन हे लाल रंगद्रव्य बाजारात आणलं, ते ज्या झाडाच्या मुळांत असतं ती मुळं तयार व्हायला काही वर्षं जातात, पेशींना काही आठवडे पुरतात, आणि पेशीत मुळापेक्षा कितीतरी पट जास्त द्रव्य. टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषध चाललं कारण त्यासाठी हळूहळू वाढणाऱ्या यू वृक्षाची साल सोलावी लागत होती. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याचं बघा, कॅम्प्टोथेसिन या कॅन्सरवरच्या औषधी द्रव्यासाठी झाडंच्या झाडं तोडून नेली, तिथे लॅबमधल्या पेशींना अर्थ आहे. संत्र्याचं तसं नाही, मालाला तोटा नाही, कच्चा माल बांधावर सडतोय असं दादा स्वतःच सांगतायत.

लिंबूवर्गीयांतही अर्थ असलेली द्रव्यं आहेत पण ती दुर्मीळ. नूटकटोन घ्या, ग्रेपफ्रूटचा तो खास वास, फळात अगदी थोडं असतं. स्पेनच्या मुर्सियातल्या लोकांनी ग्रेपफ्रूटच्या कॅलसमधे ते सापडल्याचं १९९० च्या आसपास दाखवलं होतं. अमेरिकेत २०२० मधे त्याला डास गोचीड पळवण्यासाठी मान्यता मिळाली. पण आता ते बनवताना आधी यीस्टसारख्या सूक्ष्मजीवांकडून व्हॅलेन्सीन करून घेतात आणि मग त्याचं नूटकटोन, झाडाची पेशी तिथेही मागे पडली. पॉलिमेथॉक्सी फ्लेव्होन, म्हणजे नोबिलेटिन, टँजेरेटिन, ही सालीच्या रंगीत भागात थोडीच असतात आणि त्यांना मागणी आहे, तिथे अजून जागा आहे असं मला वाटतं.

दादा, तुमच्या फळाबद्दल. असतं, नक्की असतं. पण कारखान्याला तीन गोष्टी लागतात: बुरशी न लागलेला वाळलेला माल, फवारणीचे अवशेष मर्यादेत, आणि एकरकमी वजन. एकट्या शेतकऱ्याच्या पोत्यांना कोणी विचारत नाही, शेतकरी कंपनीने गोळा करून, वाळवून, तपासणीचा कागद जोडून दिलं तर बोलणी होऊ शकतात. गाडून टाकण्याच्या मजुरीत वाळवणं बसतं का हे आधी बघा, कारण भाव काय लागेल ते मी इथे बसून सांगणं योग्य नाही.

सस्पेन्शन_पुणे:

कास्तकार दादांच्या दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. केळीला बी नाही आणि कलमही नाही, कंद लावायचा, म्हणून टिश्यू कल्चरने तिथे एकदम क्रांती केली. संत्र्याला आपण जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरतो, आणि डिंक्या म्हणजे फायटोप्थोरा जमिनीतून येतो, त्याला तोंड द्यायचं ते खुंटाने. नुसतं संत्र्याचं रोप बाटलीतून काढून लावलं तर ते स्वतःच्या मुळावर उभं राहणार, डिंक्याला आणखी सोपं. पण टिश्यू कल्चरचा उपयोग तुमच्या पिकात वेगळ्या जागी झालाय. शेंड्याचा मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शाएवढा तुकडा काढून बाटलीत वाढवलेल्या खुंटाच्या रोपावर बसवायचा, शूट टिप ग्राफ्टिंग, त्याने ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंगसारखे रोग मागे राहतात आणि निरोगी मातृवृक्ष मिळतो. ही पद्धत १९७० च्या दशकात मुराशिगे आणि नवारो यांनी बसवली, वर ज्यांचं मीडियम सांगितलं तेच मुराशिगे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत हे काम होतं. कलम घेताना ते अशा तपासलेल्या मातृवृक्षाच्या डोळ्याचं आहे का आणि डोळा जमिनीपासून चांगला उंच भरलाय का एवढं विचारत जा. स्वस्तातलं कलम कुठल्याही नर्सरीतून आणलं की पुढची पंधरा वर्षं त्याची किंमत चुकवावी लागते.

तारापूरच्या सरांचा हिशोब मला मान्य आहे, फक्त एक भर घालतो. संत्र्याचा कॅलस कारखान्यासाठी नसला तरी प्रश्न विचारायला फार चांगला आहे. वुहानच्या हुआझोंग कृषी विद्यापीठात संत्र्याच्या कॅलसमधे एकेक जीन घालून कॅरोटिनॉइड कसे वाढतात कमी होतात हे तपासतात, कारण झाडाला फळ यायला वर्षं लागतात आणि कॅलसमधे उत्तर काही महिन्यांत मिळतं. २०२३ मधे सायन्समधे लिमोनॉइड कसे बनतात त्याची मोठी साखळी आली, संत्रं आणि बकाणनिंब दोन्हीकडची मिळून २२ एन्झाइम, आणि ती तंबाखूच्या एका भाऊबंदाच्या पानात एकत्र चालवून दाखवली. या कामाला उद्या उपयोग होईल असे प्रश्न एमएससीतही विचारता येतात.

पेट्रीप्लेट_अमरावती:

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी बसून लिहील असं वाटलं नव्हतं. आज गाइडना हा सगळा धागा दाखवला, त्यांनी वाचला आणि विषय थोडा बदलायला हो म्हणाले. आता असं ठरतंय: बीपासून स्वच्छ रोपं, एपिकोटाइलचा एक कॅलस आणि हिरव्या फळाच्या सालीतल्या पांढऱ्या भागाचा दुसरा, दोन्ही एमटी मीडियमवर, निम्म्या बाटल्या उजेडात निम्म्या अंधारात. वाढ झाल्यावर २,४-डी काढून एनएए हे दुसरं हार्मोन कमी प्रमाणात. मोजायचं फक्त हेस्पेरिडिन, आधी डेव्हिसने सगळ्यांचं आणि मग निवडक सॅम्पल एचपीएलसीला. लिमोनिन काढून टाकलं. एलिसिटर एकच, मिथाइल जास्मोनेट, आणि तेही कॅलस चौथ्या सबकल्चरला पोचल्यावर.

आणि कास्तकार काकांचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये म्हणून तुलनेला गळलेली फळंही घेणार, वेगवेगळ्या आकाराची, त्यांच्यातलं प्रमाण त्याच पद्धतीने मोजणार. मामाच्या बागेतलीही घेईन. म्हणजे एका बाजूला कॅलस आणि दुसऱ्या बाजूला बांधावरचं फळ, एकाच तक्त्यात. यात काही चुकतंय का? आणि मिथाइल जास्मोनेट कशात विरघळवायचं?

सस्पेन्शन_पुणे:

इथेनॉलमधे विरघळव, ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळ आणि मीडियम कोमट झाल्यावर घाल, ऑटोक्लेव्ह करू नकोस. जेवढं इथेनॉल त्यातून जातं तेवढंच कंट्रोलच्या बाटलीतही घाल, नाहीतर परिणाम जास्मोनेटचा की इथेनॉलचा हे सांगता येणार नाही. १०० मायक्रोमोलरच्या आसपासपासून सुरू कर, एक कमी एक जास्त ठेव. आणि एलिसिटरने वाढ खुंटते, त्यामुळे नुसतं ग्रॅममागे किती ते देऊ नकोस, बाटलीमागे एकूण किती तेही दे. ग्रॅममागे दुप्पट झालं आणि कॅलस निम्माच वाढला तर हातात तेवढंच राहिलं.

वरुडचा_कास्तकार:

ताई, फळं लागतील तेवढी माझ्याकडून घेऊन जा, पैसे नको. आकारानुसार वेगळी करून ठेवतो, कोणत्या झाडाखालची, केव्हा गळली अन शेवटचा फवारा कोणता मारला होता ते चिठ्ठीवर लिहून देतो. आमच्या गटात सत्तर ऐंशी जण हायेत, प्रमाण किती निघालं ते सांगजा, मी बैठकीत मांडतो.

बेसलाइन_ठाणे:

दादा, फळं गळली त्याच दिवशी उचला, डाग किंवा बुरशी असलेली बाजूला काढा, चार फोडी करून सावलीत वारा लागेल अशी पसरा. पावसाने वाळत नसेल तर ड्रायर चालेल पण ६० अंशांच्या वर नको. ताई, प्रत्येक आकाराचे तीन वेगवेगळ्या झाडांचे नमुने घे, एकाच झाडाची तीन फळं म्हणजे तीन नमुने होत नाहीत. डेव्हिसचा कर्व्ह काढलास की इथे टाक, मी बघते.